आकडा गावाचा, माणसं वाडीची

२०११च्या फेब्रुवारीत माझ्या खांद्याला जनगणनेची पिशवी होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक म्हटल्यावर प्रगणक होणं ओघानंच येतं. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडचं एक गाव माझ्या वाट्याला आलं. कागदावर ते एकच गाव होतं, एक नाव आणि एक सहा आकडी संकेतांक. प्रत्यक्षात नदीच्या काठाला गावठाण, तिथून कोसभर चढून गेलं की एक वाडी, तिच्याही वर पठाराच्या कडेला धनगरवाडा आणि खाली उसाच्या फडालगत बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या. या चार ठिकाणची माणसं महिनोन्‌महिने एकमेकांच्या नजरेलाही पडत नसत.

कामाची सुरुवात नजरी नकाशापासून होते. पक्क्या राहत्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण, जिथं कुणी राहत नाही ती इमारत रेघा मारून भरायची, आणि वायव्येच्या कोपऱ्यापासून क्रमांक टाकत यायचं. गावठाण नीट बसलं. वाडी दाटीवाटीनं बसवली. धनगरवाड्याला जागाच उरली नाही, म्हणून कागदाच्या अगदी कडेला अकरा त्रिकोण काढले आणि मधे तुटक रेघ ओढून ‘पायवाट’ असं लिहिलं. कागदावर ते अंतर दोन बोटांचं. चालायला मला दीड तास लागला, आणि उतरताना गुडघ्यांनी जो हिशेब मागितला तो वेगळाच.

शेवटी सगळ्यांची बेरीज झाली आणि गावाचा एक आकडा तयार झाला. धनगरवाड्यातली माणसं त्या आकड्यात आहेत, एकही सुटलेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. पण ती किती, हे आज कुठल्याही छापील तक्त्यात सापडणार नाही. माझी तक्रार नेमकी इथं आहे. आपण माणसं इमानदारीनं मोजतो आणि मोजून झाल्यावर ती कुठं राहतात हे पुसून टाकतो. १ मार्च २०२७ या संदर्भ दिवसाची जनगणना ठरली आहे, एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा घरयादीचा काळ आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रत्यक्ष मोजणी. कोविडमुळं पुढं गेलेली २०२१ची गणना आता होते आहे. जातींच्या नोंदीवर जितकी चर्चा झाली त्याच्या शतांशही चर्चा या प्रश्नावर झालेली मी ऐकली नाही, की ही माणसं कुठल्या एककात मोजायची?

ग्रामीण भागात जनगणनेचं एकक म्हणजे महसुली गाव. आता हे महसुली गाव आलं कुठून? माणसं कशी राहतात ते बघून कुणी या सीमा ठरवलेल्या नाहीत. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जी जमीनमोजणी सुरू केली, तिथून आजची गावची शीव, सर्व्हे नंबर आणि आकारणी ही सगळी वंशावळ चालत आली. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची म्हणजे सोळा भागांची साखळी. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेत कुणाचं, कसं, त्यावर सारा किती, एवढंच त्या साखळीला कळत होतं. गंमत अशी की ज्या जागेत माणसं राहत होती, ते गावठाण, त्या मोजणीत आतून मोजलंच गेलं नाही. त्यावर शेतसारा नव्हता ना! जुन्या गावनकाशात बघा, शेतांच्या चौकटी रेखीव आणि मधे गावठाणाचा कोरा तुकडा. बहुतेक गावांत तो कोरा तुकडा भरायला ड्रोन यावे लागले. २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली आणि गावठाणातल्या घरांना मिळकतपत्रिका मिळायला लागल्या. जवळजवळ दोनशे वर्षं आपल्या गावात पिकाला पत्ता होता, चुलीला नव्हता.

साऱ्यासाठी आखलेली ही चौकट पुढं माणसं मोजायलाही वापरली गेली. देशावर, काळ्या जमिनीत, जिथं गावठाण एकवटलेलं असतं तिथं ती बरी बसली. पण सह्याद्रीच्या कुशीत वाडी, पालघर-नाशिक-नंदुरबारात पाडा, मराठवाड्यात बंजारा तांडा, गोंदिया-गडचिरोलीत टोला, नगर-नाशिककडं मळ्यातली वस्ती, विदर्भात पारध्यांचा बेडा, कोल्हापूरच्या डोंगरात धनगरवाडा. मराठीत माणसांच्या राहण्याला इतके शब्द आहेत, त्यातला एकही शब्द जनगणनेच्या गाव-तक्त्यात रकाना म्हणून नाही. बुद्रुक आणि खुर्द, म्हणजे फारसीतले बुजुर्ग आणि खुर्द, थोरला नि धाकटा, एवढा भेद त्या जुन्या व्यवस्थेला सुचला होता. त्याखाली उतरायची तिला गरज पडली नाही.

महाराष्ट्रात २०११च्या यादीत ४३,६००हून अधिक गावं आहेत, त्यातली वस्ती असलेली साधारण ४१ हजार. उरलेली अडीच-पावणेतीन हजार गावं ओसाड. विदर्भात अशा जागेला ‘रिठ’ म्हणतात, आणि महसुली भाषेत ‘बेचिराख’. या शब्दात राख ऐकू येते खरी, पण मूळ फारसी ‘बेचिराग’: जिथं दिवा लागत नाही ते गाव. आता बघा, जिथं दिवा लागत नाही त्या गावाला जनगणनेच्या यादीत नाव आहे, संकेतांक आहे, क्षेत्रफळ आहे आणि समोर शून्य आहे. माझ्या धनगरवाड्यात रोज संध्याकाळी अकरा दिवे लागत होते. त्याला ओळ नाही.

यावर कुणी म्हणेल, ओळ नसली म्हणून बिघडलं काय? माणसं तर धरलीत ना!

बिघडतं ते असं. सरकारच्या बऱ्याच योजना वस्ती बघून चालतात आणि आकडा मात्र गावाचा असतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना घ्या. तिचा निकष वस्तीचा आहे: सपाटीवर पाचशे लोकसंख्या, डोंगरी आणि आदिवासी भागात अडीचशे, नक्षलग्रस्त भागात त्याहूनही कमी. तिथं गाव हा शब्द मुद्दाम टाळला आहे आणि ते बरोबरच आहे. सपाटीवर पाचशे मीटरच्या आतल्या आणि डोंगरात दीड किलोमीटर वाटेच्या आतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरायची मुभा आहे, इतका बारीक विचार केलेला आहे. अंगणवाडीचंही तसंच. सर्वसाधारण भागात चारशे ते आठशे लोकसंख्येमागं एक, दीडशे ते चारशेला मिनी अंगणवाडी. शाळेच्या बाबतीत तर एक किलोमीटरच्या आत किती मुलं आहेत हाच प्रश्न. तांडा-वस्ती सुधारण्याच्या योजनांत लोकसंख्येचे टप्पे आहेत.

म्हणजे वस्तीची लोकसंख्या हरघडी लागते, आणि ज्या खात्याकडं ती असायला हवी ते खातं ती जाहीर करत नाही. मग ती येते कुठून? दाखल्यातून. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर, गोल शिक्क्यासह, ‘सदर वस्तीची लोकसंख्या अमुक इतकी आहे’. मी शिक्षक म्हणून अशा दाखल्यांच्या वेळी बसलेलो आहे. कुणी खोटं बोलत होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या वाडीचा माणूस पंचायतीत सदस्य असतो तिची लोकसंख्या अडीचशेच्या थोडी वर निघते, आणि ज्या वाडीतून मतदानाला यायलाच अर्धा दिवस मोडतो तिची थोडी खाली. आकडा छापील असता तर त्यावर भांडता आलं असतं. दाखल्याशी भांडायचं कसं? दाखला देणाराच तर भांडण ऐकणारा असतो.

ग्रामपंचायत तरी वाडीच्या जवळ असते का? राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि वस्ती असलेली गावं त्याच्या दीडपटीच्या आसपास. उरलेली गावं गट ग्रामपंचायतीत. एका पंचायतीत दोन-तीन गावं, प्रत्येक गावाच्या चार-पाच वाड्या. दीड हजारापर्यंत लोकसंख्या असेल तर सात सदस्य, साडेसात हजारांच्या वर गेली की सतरा. अकरा घरांच्या वस्तीतून सदस्य निवडून यायचा म्हणजे प्रभागातल्या दुसऱ्या वस्तीची कृपा हवी. वित्त आयोगाच्या पैशाचं बघा. पंधराव्या वित्त आयोगानं स्थानिक संस्थांचं अनुदान राज्याराज्यांत वाटताना ९० टक्के वजन लोकसंख्येला दिलं आणि १० टक्के क्षेत्रफळाला. लोकसंख्या २०११ची. वाटणीसाठी हे सोपं सूत्र आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण माझ्या त्या गावात नळाची पाइप गावठाणात शंभर मीटर टाकली तर वीस घरं जोडली जातात आणि धनगरवाड्याकडं शंभर मीटर टाकली तर एकही नाही. पसरलेपणाचा खर्च त्या दहा टक्क्यांत कुठं मावतो? आणि हा सगळा हिशेब ज्या आकड्यावर चालतो तो किती शिळा आहे! २०११च्या मार्चमध्ये जन्मलेलं पोर २०२७च्या गणनेच्या दिवशी सोळा वर्षांचं होत आलेलं असेल.

भूगोलाचा प्रश्न दुसऱ्या बाजूनंही बघता येतो. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावनिर्देशिका असते. फार उपयोगी चीज आहे, आणि गावातल्या माणसांनी ती कधी बघितलेली नसते. दवाखाना, टपाल, बस, बाजार, माध्यमिक शाळा. गावात सोय नसेल तर सगळ्यात जवळ किती अंतरावर आहे ते तीनपैकी एका अक्षरात सांगितलेलं असतं: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, दहाच्या पुढं. अंतर कुठून मोजायचं? व्यवहारात गावठाणातून, कारण विचारायचं ते तलाठी-ग्रामसेवकाला. माझ्या गावाला दवाखाना पाचाच्या आत होता, म्हणून पुस्तिकेत अख्खं गाव पाचाच्या आत. धनगरवाड्यातली बाळंतीण डोलीत घालून खाली आणायची, तर त्या अक्षरात तिची डोली बसत नाही. चढाला कुठलंच अक्षर नाही.

आणि कधीकधी प्रश्न सोयींच्याही पलीकडं जातो. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चौक ग्रामपंचायतीतली ही ठाकर आदिवासींची वाडी. वर जायला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळं यंत्रं चढू शकली नाहीत, बचावपथकं पावसात पायी गेली आणि हातांनी माती उपसत राहिली. धोकादायक ठिकाणांच्या यादीत ही वाडी नव्हती, हे खुद्द सरकारनंच सांगितलं. पहिल्या सकाळपासून सगळे एकच विचारत होते: वाडीत माणसं होती किती? स्थानिक नोंदींवरून २२८ हा आकडा पुढं आला. त्यातलं कोण आश्रमशाळेत, कोण कामाला बाहेर, कोण नातेवाइकांकडं, याची जुळवाजुळव कित्येक दिवस चालली. चार दिवसांनी, २३ तारखेला शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. वाडीची वेगळी मोजणी असती तर दरड थांबली असती असं मी म्हणत नाही. पण धोक्याच्या यादीत यायचं तर आधी कुठल्या तरी यादीत असावं लागतं.

आतापर्यंत ‘कुठं’बद्दल बोललो. ‘कधी’ची गोष्ट त्याहून अवघड आहे, आणि मला स्वतःला ती जास्त छळते.

आपली जनगणना फेब्रुवारीत होते. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी, मग मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत फेरतपासणी. हिवाळा सरत आलेला, पाऊस नाही, वाटा कोरड्या, परीक्षा तोंडावर पण अजून सुरू नाहीत. प्रगणकाच्या सोयीनं याहून चांगला महिना नाही. गावाच्या बाजूनं बघाल तर निम्म्या महाराष्ट्रात फेब्रुवारीत गाव गावात नसतं. दसरा-दिवाळीला बीड, जालना, नगरच्या पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परत येत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, मागं तांड्यावर म्हातारीकोतारी आणि एखादं शाळेचं पोर. जनगणनेचा नियम असा की त्या पूर्ण काळात जो घरापासून लांब आहे त्याला जिथं सापडेल तिथं मोजायचं. नियम म्हणून तो रास्तच आहे, नाहीतर लाखो माणसं सुटतील. पण परिणाम बघा. तांड्याची माणसं तांड्यावर वजा आणि माझ्या गावावर अधिक. माझ्या गावच्या आकड्यात कोप्यांतले कोयते मिसळून गेले, आणि पुढची पंधरा वर्षं माझ्या गावाला त्यांच्या डोक्यांचंही अनुदान मिळत राहिलं. आम्ही त्यांच्यासाठी काय केलं? फडाच्या कडेला एक हातपंप होता, तोही आमच्या आधीपासूनचा.

कोकणात हीच गोष्ट उलट्या अंगानं दिसते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या दीड कोटीनं वाढून ११ कोटी २४ लाखांच्या घरात गेली, आणि रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर घसरली. सिंधुदुर्गही घटला. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागं ११२२ बायका. हा आकडा वाचून कुणी स्त्री-सन्मानाचं कौतुक करायला गेलं तर कोकणातली कुठलीही आजी हसेल. पुरुष मुंबईला आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्याच वाडीत गणपतीला जा. बंद घरांची कुलपं निघालेली, अंगणात गाड्या, विहिरीचा तळ दिसायला आलेला. फेब्रुवारीतली चाळीस माणसं भाद्रपदात दोनशे होतात. पाण्याची योजना कुठल्या आकड्यावर आखायची? चाळिसावर आखली तर सणाला टँकर, दोनशेवर आखली तर दहा महिने पंपाचं बिल भरायला माणूस नाही. हे कोडं सोपं नाही. पण निदान दोन आकडे आहेत हे तरी कागदावर यायला हवं.

आता विरोधातले मुद्दे. त्यात तथ्य आहे, म्हणून ते टाळत नाही.

पहिला मुद्दा खाजगीपणाचा. अकरा घरांच्या वस्तीचा तक्ता छापला आणि त्यात जात, अपंगत्व, शिक्षण, विधवा-परित्यक्ता असे रकाने ठेवले, तर नाव न लिहिताही अख्ख्या पंचक्रोशीला कोण ते कळेल. हा आक्षेप मला पटतो. म्हणून माझी मागणी मोजकीच आहे: वस्तीचं नाव, घरं किती, माणसं किती, सहा वर्षांखालची मुलं किती. बाकीचं गावपातळीवरच राहू द्या. शिवाय एक गोष्ट विसरू नका. वीस-पंचवीस माणसांचं एखादं चिमुकलं महसुली गाव असेल तर त्याचा प्राथमिक गोषवारा आजही छापला जातो, त्यात अनुसूचित जाती-जमातींची संख्यासुद्धा असते. तिथं खाजगीपणाची आठवण कुणाला होत नाही, ती वाडीचा विषय निघाल्यावरच होते.

दुसरा मुद्दा राजकारणाचा. वाडीला आकडा मिळाला की ती उद्या वेगळं महसुली गाव मागेल, परवा वेगळी ग्रामपंचायत. मागू दे की! देणं न देणं पुढचं. बारक्या ग्रामपंचायतींचं उत्पन्न काय असतं ते मी बघितलं आहे. शिपायाचा पगार निघाला तरी पुष्कळ. प्रत्येक वाडीची पंचायत करा असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण मोजणं वेगळं आणि वेगळं काढणं वेगळं. घरातल्या धाकट्याचं वय नोंदवलं म्हणून घर फुटत नाही.

तिसरा मुद्दा कुणी उघड बोलत नाही, पण बैठकीत असतो. इतक्या कमी माणसांना इतक्या लांब सोयी देणं परवडत नाही, त्यांनी खाली यावं. हे म्हणणं मी निर्दय मानत नाही. पठारावरच्या कित्येक बायांनी मला स्वतः सांगितलंय की पोरांना घेऊन खाली उतरायचं आहे, फक्त जागा द्या. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची कल्पना २०२३ मध्ये राज्यात आली तेव्हाही हाच हिशेब होता. मला खटकतं ते हे की असा निर्णय कुणी घेतच नाही. वस्ती बेरजेत बुडवून ठेवली की निर्णय आपोआप होतो. शाळेचा पट पाचावर येतो, बाई बदलून जातात, चार कुटुंबं उतरतात, आणि एक दिवस ‘मागणीअभावी’ असा शेरा पडतो. ज्यांना हलवायचं आहे ती किती माणसं आहेत हे आधी मांडा, मग त्यांच्यासमोर बसून बोला.

आणि हे कायद्यात बसत नाही, असंही नाही. १९९६च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राज्यघटनेप्रमाणं जाहीर केलेल्या आदिवासी भागात, गावाची व्याख्याच बदलली: आपल्या रीतीभातींप्रमाणं कारभार करणारी वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, म्हणजे गाव. सारा नाही, साखळी नाही. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये त्याचे नियम केले आणि वस्तीतल्या लोकांनी ठराव करून आपलं गाव जाहीर करून घ्यायची वाट त्यात ठेवली. गडचिरोलीतल्या मेंढा गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. लेखा ग्रामपंचायतीतलं हे छोटंसं गाव, आणि हक्क मिळाला तो त्याच्या ग्रामसभेला. मात्र अनुसूचित क्षेत्र राज्यातल्या तेराच जिल्ह्यांत, तेही बहुतेक ठिकाणी अंशतः. सातारच्या धनगरवाड्याला आणि बीडच्या तांड्याला ती व्याख्या लागू नाही. गावाची व्याख्या पालघरात एक आणि पाटणात दुसरी असायला डोंगराचं तरी काही कारण दिसत नाही.

काम अवघड होतं, हे कारणही आता उरलेलं नाही. आमच्या वेळी कागद होते, पेन्सिल होती, रात्री कंदिलाच्या उजेडात बेरजा जुळवत बसायचो, कारण फेब्रुवारीत भारनियमन असायचं. या खेपेला प्रगणकाच्या हातात मोबाइल असेल, लोकांना स्वतःची माहिती स्वतः भरायची सोय असेल. घरयादीच्या वेळी प्रगणक वस्तीच्या तोंडाशी उभा असतोच, तिचं नाव त्याला लोक सांगतातच. ते नाव प्रमाण रूपात लिहायचं, शेवटपर्यंत जपायचं आणि गावाच्या आकड्याखाली चार ओळी जास्त छापायच्या. ग्रामसभांनी त्याआधी आपल्या वाड्या-पाड्यांची यादी ठराव करून तहसीलदाराकडं द्यावी, कारण जनगणनेत तालुक्याचा चार्ज तहसीलदाराकडंच असतो. हंगामाचं मात्र जनगणनेकडून होणार नाही. ते पंचायतीलाच करावं लागेल: श्रावण-भाद्रपदात एकदा, माघात एकदा, कुठल्या वाडीत किती चुली पेटतात ते वहीत लिहायचं. ज्या कोतवाल बुकाची, म्हणजे जन्ममृत्यूच्या गाव नमुना १४ची, जीर्ण पानं हल्ली जातीच्या पुराव्यासाठी धुंडाळली जातात, ती अशाच कुण्या कोतवालानं गावात फिरून लिहवली होती. त्या वहीचा पुढं काय उपयोग होणार आहे, हे त्याला थोडंच माहीत होतं.

मला अजून आठवते ती कोप्यांमधली एक दुपार. फडावरून पाचटाचा भारा घेऊन आलेली एक बाई, पंचविशीतली असेल, चुलीपुढं बसून माझ्या प्रश्नांना उत्तरं देत होती. नाव, वय, लग्न कितव्या वर्षी, मुलं किती. मग रकाना आला जन्मस्थानाचा. तिनं एक नाव सांगितलं. मी विचारलं, हे गाव कुठल्या तालुक्यात? ती म्हणाली, “गाव न्हाई सर, तांडा हाय आमचा.” मी तेच लिहिलं.

संध्याकाळी पर्यवेक्षकांनी फॉर्म चाळले आणि त्या नावावर बोट ठेवलं. “गुरुजी, तांडा चालत नाही. महसुली गाव काय ते लिहा.” दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर परत फडावर गेलो. कोप्यांच्या जागी तीन दगडांच्या चुली आणि विझलेली राख होती. टोळी रातोरात पुढच्या फडाला हलली होती. कुठल्या, ते बैलगाड्यांच्या चाकोरीवरून शेतमालकानं सांगितलं, पण ते दुसऱ्या प्रगणकाच्या ब्लॉकमध्ये होतं. तांड्याच्या नावावर रेघ मारून मी त्या रकान्यात नुसतं ‘बीड’ लिहिलं.